आठवड्यातून एकदा शाळेबाहेर: प्राथमिक वर्गासाठी परिसर-अभ्यासाची घडी कशी बसवावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि अथणी या पट्ट्यातल्या मराठी प्राथमिक शाळांत तिसरी ते पाचवीला परिसर अध्ययन शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी हा लेख लिहिला आहे. आठवड्यातून एकदा, साधारण चाळीस मिनिटांसाठी, मुलांना शाळेच्या आवाराबाहेर नेणे आणि उरलेल्या पाच दिवसांतला थोडा थोडा वेळ त्या एका भेटीच्या तयारीला व पाठपुराव्याला देणे, एवढीच ही पद्धत आहे. तिला वेगळा निधी लागत नाही, वाहन लागत नाही आणि पाठ्यपुस्तक बाजूला ठेवावे लागत नाही. लागते ती फक्त वेळापत्रकाची शिस्त.

आधी एक फरक स्पष्ट केला पाहिजे, कारण पालकांच्याच नव्हे तर आपल्याही मनात तो पुसट असतो. गोकाकचा धबधबा किंवा येळ्ळूरचा राजहंसगड पाहायला वर्षातून एकदा नेतो ती सहल. सहलीत मुले खूश होतात आणि ते योग्यच आहे, पण नव्या जागी गेलेले मूल सगळीकडे पाहते आणि कशाकडेच निरखून पाहत नाही. निरीक्षणाची सवय लागायची असेल तर जागा ओळखीची, जवळजवळ कंटाळवाणी असावी लागते. शाळेपासून पाच मिनिटांच्या अंतरावरची एकच जागा वर्षभरात पंचवीस-तीस वेळा पाहिली म्हणजे मुलांना तिथला बदल दिसू लागतो. एका वर्षासाठी एक जागा आणि एका आठवड्यासाठी एक प्रश्न, हा या पद्धतीचा कणा आहे. बाकीच्या सगळ्या सूचना परिस्थितीनुसार बदलल्या तरी चालतील.

हे मी चुकून शिकलो. पहिल्या वर्षी जुलै महिन्यात चौतीस मुलांना ओढ्याकाठी नेले तेव्हा माझ्या कागदावर नऊ कामे होती: पाने गोळा करणे, कीटक मोजणे, मातीचे प्रकार पाहणे, पाण्याचा रंग लिहिणे वगैरे. परत आलो तेव्हा चौतीस वह्या ओल्या झाल्या होत्या, दोन चपला चिखलात राहिल्या होत्या आणि नऊपैकी एकाही कामाचे उत्तर हाती नव्हते. पुढच्या आठवड्यात त्याच जागी ‘दगडाखाली काय आहे?’ एवढाच प्रश्न घेऊन गेलो. त्या दिवशी मुलांनी जे लिहिले ते वाचायला मला संध्याकाळ पुरली नाही. (आता तो प्रश्न मी पावसाळ्यात देत नाही, कारण पुढे येईल.)

जागा निवडताना

शाळा सुरू होण्यापूर्वीच्या आठवड्यात शिक्षकाने एकट्याने तीन वेळा फिरून जागा ठरवावी: एकदा सकाळी, एकदा भर दुपारी आणि एकदा पाऊस पडून गेल्यावर. जागेत चार गोष्टी असल्या तर वर्षभर विषय कमी पडत नाहीत. एक मोठे जुने झाड, शेताचा बांध किंवा कुंपणाची कड, लोकांच्या पायाखालची मोकळी जमीन आणि पाणी वाहून जाण्याचा एखादा मार्ग. हा पाण्याचा मार्ग म्हणजे रस्त्याकडेची चर असली तरी पुरे. नदी, विहीर, शेततळे किंवा जांभ्या दगडाच्या खाणीचा पाण्याने भरलेला खड्डा जवळ असेल तर ती जागा कितीही सुंदर असली तरी सोडून द्यावी.

आपल्या जिल्ह्याचे एक वैशिष्ट्य असे की पश्चिमेकडून पूर्वेकडे गेले की जमीन, पाऊस आणि पीक सगळेच बदलते. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला तांबडी जांभ्याची माती, फणस, काजू, जांभूळ आणि करवंदीच्या जाळ्या. बेळगावच्या भोवती भाताची आणि रताळ्याची शेते. निपाणी-चिकोडीकडे ऊस आणि तंबाखू. अथणीकडे काळी जमीन, ज्वारी आणि बाभळी. अथणीत वर्षभरात पडणारा पाऊस कणकुंबीच्या बाजूला जुलैच्या एका महिन्यात सहज ओलांडला जातो. त्यामुळे दुसऱ्या शाळेने आखलेला वर्षाचा तक्ता जसाच्या तसा उचलू नये. खानापुरात जुलैत ‘कोणत्या दगडावर शेवाळ आधी आले?’ हा प्रश्न चालतो, तर अथणीत त्याच आठवड्यात ‘पेरलेले बी किती दिवसांनी वर आले?’ हा प्रश्न मुलांच्या घरातला असतो.

जागा खासगी मालकीची असेल तर मालकाची तोंडी परवानगी पुरेशी नसते, असा माझा अनुभव आहे. त्याच्याबरोबर एकदा बांधावरून चालत जाऊन मुले कुठपर्यंत येतील, कशाला हात लावणार नाहीत आणि फवारणी कोणत्या दिवशी असते, हे तिथेच ठरवून घ्यावे. फवारणी झालेल्या शेताकडे त्या आठवड्यात फिरकू नये. मालकाला एखाद्या बुधवारी मुलांपुढे बोलायला बोलावले तर पुढची परवानगी मागावी लागत नाही.

परवानगी आणि काळजी

शाळा सुधारणा समितीच्या जूनमधील बैठकीत संपूर्ण वर्षाच्या भेटींना एकदाच मंजुरी घेऊन ती कार्यवृत्तात लिहून घ्यावी. ठरावात जागा, वार, वेळ आणि सोबत जाणाऱ्या मोठ्या माणसांची किमान संख्या स्पष्ट असावी. दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे, असे मी धरतो. दोन शिक्षकी शाळेत हे जमत नाही म्हणून पालकांपैकी तिघा-चौघांची पाळी लावावी. आजी-आजोबा यासाठी आई-वडिलांपेक्षा अधिक उपयोगी पडतात, कारण त्यांना सवडही असते आणि झाडांची नावेही येतात. निघण्यापूर्वी फळ्यावर ‘कोण, कुठे, किती वाजता परत’ हे लिहावे आणि मुख्याध्यापकांच्या नोंदवहीत सही करावी. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला रिकामा वर्ग दिसला तर फळ्यावरची ही एक ओळ पुष्कळ प्रश्न वाचवते.

धोक्यांची यादी भीती घालण्यासाठी नव्हे, तर आपल्या भागात खरोखर काय असते हे माहीत असावे म्हणून करायची. पावसाळ्यात खानापूरच्या पश्चिमेला जळवा असतात; त्या ओढून न काढता मीठ किंवा तंबाखूचे पाणी लावावे असे सांगतात, पण पट्टीच्या कडेने किंवा नखाने तोंडाजवळून सरकवणे हा साधा आणि सुरक्षित उपाय आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी जाती आपल्याकडे असल्यामुळे जून ते ऑक्टोबर मुलांनी दगड उलटू नयेत आणि बिळात काठी घालू नये, हा नियम ठेवावा. चावा झालाच तर कापणे, चोखणे, घट्ट आवळून बांधणे यांपैकी काहीही न करता मुलाला शांत, हालचाल न करता ठेवून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये खाजकुइलीच्या शेंगा पिकतात. त्यांची लव अंगाला लागली तर आठवडाभर भेटीचे नाव कोणी काढत नाही. काँग्रेस गवताने काही मुलांच्या अंगावर पुरळ उठते, त्यांची नावे आधीच माहीत असावीत. आग्या मोहोळ असलेल्या झाडाखाली वर्ग भरवू नये, धूर करू नये, दगड तर मुळीच मारू नये.

दोन गोष्टी विशेष सांगाव्या लागतात. निपाणी भागात तंबाखूच्या ओल्या पानांना हात लावल्याने कातडीवाटे निकोटीन अंगात जाऊन मळमळ, चक्कर आणि उलट्या होऊ शकतात. म्हणून मुलांनी ते पीक पाहावे, मोजावे, पण हाताळू नये. दुसरी गोष्ट माकडतापाची. शेजारच्या दोडामार्ग आणि सत्तरी भागांत हा आजार आढळला आहे, तो गोचिडीमार्फत पसरतो आणि डिसेंबर ते मे या काळात अधिक दिसतो. जंगलाला लागून असलेल्या शाळांनी त्या महिन्यांत भेट गावाच्या मोकळ्या बाजूला ठेवावी, आणि मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवायचे, हे मुलांना पाठ असावे.

साहित्य: जे घरात आहे तेच

चार मुलांच्या एका गटाला एक पिशवी पुरते. तिच्यात चार मीटर सुतळी, चार काटक्या, पट्टी, पेन्सिल, पाठकोऱ्या कागदांची शिवलेली वही आणि शक्य असेल तर एक भिंग. वहीला पुठ्ठ्याची पाठ असावी, म्हणजे उभ्याने लिहिता येते. पावसाळ्यात ती वही प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत घालावी. शाई वापरू नये.

शाळेसाठी दोन कायमची साधने मात्र जूनच्या पहिल्या आठवड्यातच बसवावीत. पहिले पर्जन्यमापक. उभ्या सरळ भिंतींची दोन लिटरची बाटली घेऊन वरचा निमुळता भाग कापावा आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा तोंडात बसवावा. बाटलीचा तळ सपाट नसतो, म्हणून तळात खडे घालून, सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरून तिथे शून्याची रेघ मारावी आणि तिथून वर मिलिमीटरची कागदी पट्टी चिकटटेपने लावावी. मापक झाडापासून आणि पागोळ्यांपासून दूर, मोकळ्यावर, विटांच्या आधाराने ठेवावे. हवामान खाते पावसाची नोंद सकाळी साडेआठला घेते. आपल्याला ती वेळ जमत नसेल तर प्रार्थनेपूर्वीची कोणतीही एक वेळ धरावी, पण ती वर्षभर बदलू नये. नोंद झाली की पाणी पुन्हा शून्याच्या रेघेपर्यंत आणायचे. रविवारसाठी शाळेजवळ राहणाऱ्या एका मुलावर जबाबदारी द्यावी. ही नेमणूक मिळवण्यासाठी आमच्याकडे भांडणे होतात.

दुसरे साधन सावलीची काठी. जमिनीवर बरोबर एक मीटर उरेल अशी सरळ काठी सपाट जागेत ओळंब्याने उभी पुरावी. बेळगाव साधारण 15.9 अंश उत्तर अक्षांशावर आणि भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशापेक्षा पुष्कळ पश्चिमेला असल्यामुळे आपल्याकडे सावली बारा वाजता नव्हे, तर साडेबाराच्या आसपास सर्वांत लहान होते. हे मुलांना सांगू नये. बारा ते एक या वेळेत दर दहा मिनिटांनी खूण करायला लावून त्यांनाच शोधू द्यावे. 21 डिसेंबरला ही सर्वांत लहान सावली सुमारे 82 सेंटिमीटर भरते आणि 21 मार्चला सुमारे 28 सेंटिमीटर. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, ढगांनी वाट दिलीच, तर ती जेमतेम 13 सेंटिमीटरची आणि चक्क दक्षिणेकडे पडलेली दिसते. शून्य सावलीचे दिवस, म्हणजे भर मध्यान्ही काठीची सावलीच पडत नाही असे वर्षातले दोन दिवस, मात्र आपल्या नशिबात नाहीत: पहिला मेच्या पहिल्या आठवड्यात सुट्टीत जातो आणि दुसरा ऑगस्टच्या 9-10 तारखेच्या सुमारास ढगांत.

आठवड्याची घडी

सोमवारी वीस मिनिटे प्रश्नासाठी द्यावीत. प्रश्न निवडणे हेच या सगळ्यातले अवघड काम आहे. ‘झाडांचे महत्त्व काय?’ या प्रश्नाचे उत्तर मुले वर्गात बसून देतात आणि ते आपल्यालाही आधीच माहीत असते, म्हणून तो बाहेर नेण्याच्या लायकीचा नाही. ‘किती’, ‘कुठे’, ‘केव्हा’, ‘कोणते आधी’ असे विचारणारा प्रश्न तिसरीच्या मुलालाही स्वतः तपासता येतो. ‘का’ हा शब्द गुरुवारपर्यंत राखून ठेवावा. प्रश्न ठरला की प्रत्येक मुलाने आपला अंदाज वहीत लिहायचा आणि त्याखाली रेघ मारायची. हा अंदाज नंतर खोडायचा नाही. चुकलेला अंदाज खोडायची मुलांची खोड मोडायला मला दोन महिने लागले, आणि ती मोडल्याशिवाय गुरुवारच्या चर्चेत दम येत नाही.

मंगळवारी लागणारे शब्द आणि लागणारी कृती वर्गातच करून पाहावी. सुतळीचा चौकोन टाकायचा असेल तर तो आधी व्हरांड्यात टाकावा.

बुधवार भेटीचा. बुधवारच का, तर सोमवार-मंगळवार तयारीला आणि गुरुवार-शुक्रवार पाठपुराव्याला मिळतात म्हणून. गावचा बाजार बुधवारी असेल तर वार बदलावा, कारण बाजाराच्या दिवशी मोठी माणसे सोबत मिळत नाहीत आणि रस्त्यावर वाहनेही जास्त असतात. फेब्रुवारीनंतर ऊन वाढते तेव्हा भेट शनिवारच्या सकाळच्या शाळेत घ्यावी. एरवीही पक्षी पाहायचे असतील तर शनिवारची सकाळच बरी.

भेटीची रचना ठरलेली असावी. दारातच मोजणी करावी आणि आकडा एका मुलीने मोठ्याने सांगावा. गटातल्या चौघांची कामे वेगळी: एक मोजणारा, एक लिहिणारा, एक चित्र काढणारा आणि एक वेळ व पिशवी सांभाळणारा. दर आठवड्याला ही कामे फिरवावीत, नाहीतर लिहिणारे मूल वर्षभर लिहीतच राहते आणि दांडगे मूल वर्षभर मोजत राहते. जागेवर पोहोचल्यावर पहिली तीन मिनिटे कोणीही बोलायचे नाही. फक्त ऐकायचे आणि ऐकलेल्या आवाजांसाठी वहीत एकेक रेघ मारायची. या तीन मिनिटांनी मुले जितकी शांत होतात तितकी माझ्या ओरडण्याने कधी झाली नाहीत. पुढची पंचवीस मिनिटे प्रश्नाच्या कामाची. या वेळेत शिक्षकाने शक्य तितके कमी बोलावे. मूल धावत येऊन ‘सर, हे काय?’ म्हणाले की नाव सांगण्याचा मोह होतो, पण नाव कळले की पाहणे थांबते. ‘त्याला पाय किती?’, ‘पान पुसून वास घे’, ‘गेल्या आठवड्यापेक्षा मोठे झाले का?’ असे उलट विचारावे आणि नाव गुरुवारी द्यावे. शेवटची पाच मिनिटे बसून चित्र. मग पुन्हा मोजणी, शिट्टी आणि परत. हात धुतल्याशिवाय माध्यान्ह आहाराला बसायचे नाही.

एक आठवडा उदाहरणादाखल घेऊ. सप्टेंबरचा दुसरा आठवडा, प्रश्न असा: ‘पायवाटेवर आणि कुंपणाकडेला किती प्रकारची रोपे आहेत?’ चार काटक्यांना चार मीटर सुतळी गुंडाळून प्रत्येक गट एक मीटर लांबी-रुंदीचा चौकोन टाकतो. निम्मे गट पायवाटेवर, निम्मे कुंपणाजवळ. रोपांची नावे माहीत असण्याची गरज नसते. प्रत्येक नव्या प्रकाराला गटाने स्वतः नाव द्यायचे, जसे ‘करवती पान’, ‘चिकट देठ’, ‘उंदराचा कान’, आणि त्याचे एकच पान वहीत ठेवायचे. प्रकार मोजून झाले की प्रत्येक प्रकारची किती रोपे, हे दहा-दहाच्या गठ्ठ्यांत मोजायचे. एका गटाला गवत मोजवेना म्हणून त्यांनी चौकोनाचे चार भाग करून एकाच भागातले मोजले आणि चारने गुणले. ही युक्ती मी शिकवली नव्हती. चौथीच्या मुलांनी ती कंटाळ्यातून काढली.

गुरुवारी फळ्यावर तक्ता मांडावा. एका बाजूला पायवाटेचे गट, दुसऱ्या बाजूला कुंपणाचे. पायवाटेवर प्रकार कमी पण एकाच प्रकारची रोपे दाट, आणि कुंपणाजवळ प्रकार पुष्कळ पण प्रत्येकाची संख्या थोडी, असे चित्र बहुतेक वेळा येते. आले नाही तर ते जास्त चांगले, कारण मग का आले नाही हे शोधावे लागते. आता ‘का’ विचारावे. पायांनी तुडवले जाणे, गुरांनी खाणे, सावली, ओल, ही कारणे मुले स्वतः काढतात. याच तासाला गणित येते: बेरीज, सरासरी, स्तंभालेख. पर्जन्यमापकाचे आकडेही इथेच वापरावेत. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एवढे एक सूत्र दिले की पाचवीचा वर्ग शाळेच्या छतावर किती पाणी पडले ते काढतो. 6 मीटर रुंद आणि 8 मीटर लांब छतावर 25 मिलिमीटर पाऊस पडला तर 1200 लिटर, म्हणजे 15 लिटरच्या 80 घागरी. त्या आठवड्यात शाळेचा नळ कोरडा असेल तर या हिशेबावर शाळा सुधारणा समितीतही चर्चा होते.

शुक्रवारी लेखन. तिसरीने पाच वाक्ये, चौथीने एक परिच्छेद आणि पाचवीने अशी सूचना लिहावी की जी वाचून दुसऱ्या शाळेतले मूल तेच काम करू शकेल. हा शेवटचा प्रकार दिसायला सोपा पण फार कठीण आहे. ‘सुतळी टाकावी’ असे लिहिले की मी खरोखर सुतळी जमिनीवर टाकून देतो आणि उभा राहतो. मग वाक्य सुधारते.

शनिवारी एक गट प्रार्थनेनंतर संपूर्ण शाळेपुढे दोन मिनिटे बोलतो आणि आठवड्याच्या पावसाची बेरीज भिंतीवरच्या तक्त्यावर चढते. महिन्यातला एक शनिवार शिक्षण खात्याच्या उपक्रमानुसार दप्तराविना असतो आणि त्याचे कन्नड नाव ‘संभ्रम शनिवार’ आहे. कन्नडमध्ये संभ्रम म्हणजे आनंदसोहळा आणि मराठीत गोंधळ. पहिल्या वर्षी आमच्याकडे दोन्ही अर्थ खरे ठरले. आता त्या दिवशी एखाद्या कारागिराला बोलावतो किंवा त्याच्याकडे जातो. खानापूरची माती कौले, विटा आणि मडक्यांसाठी प्रसिद्ध आहे, तेव्हा चाकावर काम करणारा कुंभार गावात सापडला तर मातीचा संपूर्ण महिना त्याच्याभोवती बांधता येतो. निपाणी-अथणीकडे कोल्हापुरी चपला करणारे कारागीर आहेत. त्या चपलांना 2019 मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगावसह चार जिल्हे आहेत, हे त्यांच्याच तोंडून ऐकले तर मुलांच्या लक्षात राहते.

वर्षाचा प्रवाह

जूनमध्ये मृग लागल्यापासून पाऊस हाच विषय. घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून नक्षत्रांची नावे, पुनर्वसूचा ‘तरणा’ आणि पुष्याचा ‘म्हातारा’ पाऊस, अशी माहिती गोळा करून ती मापकाच्या आकड्यांशेजारी लिहावी आणि म्हणणे खरे ठरते का ते पाहावे. धूळवाफ पेरणी (पावसाआधी कोरड्या मातीत केलेली) केलेले भात आणि रोप लावलेले भात यांतला फरक बांधावरून दिसतो. जुलैत पाऊस उघडेल त्या दिवशी पाणी कुठून कुठे जाते, याचा नकाशा काढावा. खानापूर तालुक्यासाठी हा धडा सोन्यासारखा आहे, कारण मलप्रभा कणकुंबीत उगम पावून पूर्वेला जाते आणि कृष्णेला मिळते, तर त्याच तालुक्यात उगवणारी म्हादई पश्चिमेला गोव्यातून अरबी समुद्राला मिळते. आवारात मातीचा लांबट ढीग करून त्याच्या माथ्यावर झारीने पाणी ओतले की एकाच सरीचे पाणी दोन दिशांना कसे जाते, हे तिसरीच्या मुलालाही दिसते. म्हादईच्या पाण्याचा वाद पालकांकडून वर्गात येतो. त्यावर निवाडा देण्याचे काम शिक्षकाने अंगावर घेऊ नये, उतार दाखवावा.

ऑगस्ट-सप्टेंबर रोपे, तेरडा, फुलपाखरे आणि कोळ्यांची जाळी यांचे. दसऱ्याच्या सुट्टीनंतर भातकापणी आणि रताळ्याची काढणी. एका वेलाखाली किती रताळी निघाली आणि त्यांचे वजन किती, हा वजनमापाचा उत्तम पाठ आहे. ऊसपट्ट्यात याच सुमारास ऊसतोड मजुरांची मुले काही महिन्यांसाठी वर्गात येतात. त्यांना मागे बसवू नये. त्यांनी पाहिलेला मुलूख आपल्या मुलांनी पाहिलेला नसतो, म्हणून ‘तुमच्या गावच्या मातीचा रंग कोणता?’ या प्रश्नापासून त्यांचा पहिला आठवडा सुरू करावा. डिसेंबर सावलीच्या काठीचा. फेब्रुवारीत सावर आणि पळस फुलतात तेव्हा एका झाडासमोर पंधरा मिनिटे बसून साळुंकी, बुलबुल, कोतवाल, कावळा यांपैकी कोण किती वेळा आले, याच्या रेघा मारायच्या. मार्चमध्ये सावली 28 सेंटिमीटरवर आली की काठीचे काम संपते.

दोन भाषांची वही

आपल्या वर्गातली मुले मराठीतून शिकतात, कन्नड विषय म्हणून शिकतात आणि घरी कोणी कोकणी, कोणी उर्दू, कोणी धनगरी वळणाची मराठी बोलतात. परिसरभेट हा या भाषांचा नैसर्गिक मेळ आहे. प्रत्येक भेटीतले पाच शब्द दोन भाषांत लिहून भिंतीवर लावावेत: चिमणी आणि गुब्बी, मुंगी आणि इरुवे, फुलपाखरू आणि चिट्टे, सावली आणि नेरळु, ओढा आणि हळ्ळ. कन्नड शिकवणाऱ्या सहकाऱ्याला बुधवारी सोबत न्यावे. वर्गात न बोलणारी मुले चिंचेखाली ‘हुणसे मर’ म्हणून मोकळी होतात. मजेचे शब्द विशेष लक्षात राहतात. कन्नडमध्ये ‘मळे’ म्हणजे पाऊस आणि आपल्याकडे मळ्याचे अनेकवचन; कन्नडमध्ये ‘मर’ म्हणजे झाड आणि मराठीत झाडाला होणारा रोग. घरात वेगळे नाव असेल तर तेही लिहावे. पुस्तकी नाव बरोबर आणि घरचे चूक, असे कधी म्हणू नये.

मूल्यमापन आणि अडचणी

वेगळी परीक्षा घेऊ नये. वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक मुलाच्या तीन गोष्टी महिन्यातून एकदा लिहाव्यात: न सांगता काय पाहिले, कोणता प्रश्न स्वतः विचारला, मोजलेले दुसऱ्याला पटवून देता आले का. सातत्यपूर्ण मूल्यमापनाच्या नोंदींसाठी हे पुरते.

मुसळधार पावसात भेट व्हरांड्यातून करावी. पागोळ्यांखाली पडणारे खड्डे, भिंतीवरचे शेवाळ, आडोशाला आलेले किडे हे सगळे तिथेच असते. चालता न येणाऱ्या मुलासाठी जागा बदलावी, मुलाला वर्गात ठेवू नये. आमच्याकडे एका वर्षी या कारणाने ओढ्याची जागा सोडून शाळेमागचा वड घेतला आणि ते वर्ष इतर वर्षांपेक्षा काही कमी गेले नाही. एकच शिक्षक असेल तर पंधरवड्यातून एक भेट ठेवावी आणि मधल्या आठवड्यात आवारातच काम करावे. अभ्यासक्रम मागे पडतो ही तक्रार येईल. तेव्हा गुरुवारच्या तासात गणिताचे आणि शुक्रवारच्या तासात मराठीचे कोणते घटक झाले, ते पाठ नियोजनाच्या वहीत आठवड्याच्या आठवड्याला लिहिलेले असले पाहिजे.

एप्रिलमध्ये शाळा बंद होण्यापूर्वी मुलांच्या वह्या त्यांच्याबरोबर घरी जाऊ द्याव्यात, पण पावसाची नोंदवही, सावलीचा तक्ता आणि दोन भाषांच्या शब्दांचे कागद शाळेच्या कपाटात ठेवावेत. जूनमध्ये नव्या तिसरीसमोर पहिल्या सोमवारी गेल्या वर्षीचे त्याच तारखेचे पान उघडावे आणि फळ्यावर पहिला प्रश्न लिहावा: ‘या वर्षी पाऊस आधी आला की उशिरा?’